विहिरीतला विस्तव

ता. १७ डिसें., शनिवार

सकाळी मामाजी शेंदराची वाटी घेऊन विहिरीच्या काठावर उभे. सासऱ्यांचा हा दर शनिवारचा नेम, पण आज लावायचा कुठं? देव खाली, तीन पुरुष खोल, आणि तोंड पाण्याकडं. बराच वेळ वाकून पाहत होते. मग वाटी तशीच देवळीत नेऊन ठेवली. मी चुलीशी होते, पाहिलं नाही असं दाखवलं.

कालचं लिहायचं राहिलं. हातच चालत नव्हता.

काल बॉयलर विहिरीत सोडला. पावसाळ्यात विहिरीची एक बाजू ढासळली होती. माती इतकी भुसभुशीत की बांधकाम ठरत नाही. तेव्हा मामाजींनी युक्ती काढली, चांदूरच्या बंद पडलेल्या, कापसाची सरकी काढायच्या जिनाचा बॉयलर आणायचा आणि विहिरीत नळीसारखा बसवायचा. त्या बॉयलरपाशी मामाजींनी उमर काढली, आगवाला म्हणून, भट्टीत कोळसा टाकत. गाड्यांनी आणला. किसन लोहारानं वरच्या अंगाची प्लेट सोडवली. रिबिटांची डोकी छन्नीनं उडवता उडवता त्याचा सारा कार्तिक गेला. राहिली खालची, तोंडाकडची प्लेट. तिच्या मधोमध भगदाड आहे, आत शिरून साफसफाई करायचं. त्याच्याभोवती बाहेरच्या अंगानं शेंदराचं बोटभर पूट. जिनातली माणसं त्यालाच बॉयलरबाबा म्हणत. किसननं छन्नी खाली ठेवली. देवावर घाव घालणार नाही म्हणाला.

मामाजींना तेच हवं होतं. म्हणाले, "राहू दे. देव खाली पाण्यात बसंन, अन् पाणी त्याच्या तोंडातून वर येईन." ऐकायला किती छान वाटलं होतं! मीसुद्धा मान डोलावली. खोटं कशाला लिहू? आणि पौष लागायच्या आत उरकायचं म्हणून घाईच घाई.

पाणी हातभर राहिलं आणि बॉयलर खडकाच्या कंगोऱ्यावर टेकला. कलला. मागून माती कोसळून घट्ट बसला. आता वर येत नाही, खाली जात नाही. विहिरीला बूच.

ता. २० डिसें., मंगळवार

किसन लोहार बॉयलरमध्ये उतरला. देवाला हात जोडले, म्हणाला कडेकडेनं छन्नी मारून पाहतो. पण आत घण फिरवायला जागा नाही. हातोडीनं मारलं तर लोखंडावर नुसता चकाकता ओरखडा, आणि दर घावाला वरून मातीचा लोट. तिसऱ्या ढेकळाला ह्यांनी त्याला ओढून वर काढला. भोकं पाडून पाडून तोडायची म्हणावी तर हाती गिरमिटानं एवढ्या जाड लोखंडाला एक एक भोक म्हणजे दिवस जाईल. किसन म्हणाला, "आखाडी उजाडन."

कंगोऱ्याचं टोक देवाच्या तोंडात घुसलंय. उरलेल्या फटीतून लोटा जातो, घागर जात नाही. मोटेचं तर नावच नको. पाणी दिसतं मात्र. कंदील सोडला की लखलखतं.

प्यायचं पाणी शेजारच्या मळ्यातून. त्यांच्या विहिरीला त्यांचंच जेमतेम.

ता. २५ डिसें., रविवार

संत्र्याची झाडं पाहून आले. आंब्या बहाराचा ताण चालू आहे. कार्तिकापासून पाणी तोडलंय. झाड तहानलं की पोटात फूल धरतं, असं आमच्याकडं म्हणतात आणि ते खरंही आहे. पण ताण कुठवर? पान मलूल झालं, वळलं, इथवर ठीक. संक्रांतीच्या सुमारास आंबवणीचं, म्हणजे ताण तोडायचं पहिलं पाणी द्यायचंच. पान वाळून गळायला लागलं की मग फूल राहिलं बाजूला, झाडच जातं.

ही रोपं मी लावलेली. नवी नवरी होते, पायातली जोडवी चिखलात रुतत होती. कोणतं झाड कुठं वाकलंय ते डोळे मिटून सांगेन. यंदा पहिला भरगच्च बहार यायचा होता. हे रात्री कूस बदलत राहतात.

मामाजी आज आपणहून बोलले. जेवताना. कुठल्याशा जिनाचा बॉयलर फुटला होता, माणसं होरपळून मेली, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून चांदूरच्या माणसांनी आपल्या बॉयलरला शेंदूर लावायला सुरुवात केली. मामाजींनीच पहिलं बोट लावलं. "त्यानं मले कदी भाजलं नाई," म्हणाले. मग भाकरीचा तुकडा ताटातच फिरवत बसले.

ता. २ जाने., सोमवार

हे अकोल्याहून आले. वांगी घेऊन गेले होते. डोळे असे, जसं काही भूत पाहून आलेत.

म्हणतात, तिथं एका जुन्या गिरणीच्या लोखंडी तुळया एक माणूस आगीनं कापतो. हातात पितळेची नळी. नळीच्या टोकाला करंगळीएवढी निळी ज्योत. ती फिरवली की तुळई मुळ्यासारखी तुटून पडते.

मी म्हटलं, उद्या सांगाल पाण्यानं भाकरी भाजली.

रागावले. म्हणाले, तुझ्या त्या वहीत लिहून ठेव, मग बघू. लिहिलं.

त्या माणसाचं नाव उस्मान मिस्त्री. मुंबईच्या गोदीत मोडीतली जहाजं कापायला होता, आता इकडंच राहतो. येऊन पाहून जातो म्हणालाय.

ता. ६ जाने., शुक्रवार

उ. मिस्त्री आले. नुसते पाहायला, सामान नाही. सुकलेला माणूस, भुवया अर्ध्याच आहेत. बोलतात आमच्यासारखंच, मधे मधे उर्दू. आधी कंदील दोरीनं सोडला, विझत नाही ना ते पाहिलं, मगच उतरले. प्लेटीवर बोटाच्या पेरानं ठकठक करत बराच वेळ बसले. फटीतून हात घालून पलीकडं चाचपलं. वर आले तेव्हा बोटं लाल.

म्हणाले, कापता येईल. पण दोन अडचणी. पहिली, खालचा शेंदूर. शेंदूर तेलात कालवलेला, तापला की त्याचा धूर विषारी. उघड्यावर चालून जातं, विहिरीत माणूस मरेल. तो आधी खरवडून काढायचा. मी म्हटलं, आणि दुसरी? त्यांनी मामाजींकडं पाहिलं.

"दुसरी हे बाबा. मी कोणाचा देव त्याच्या मर्जीबगर कापत नाई. बाबानं हो म्हणलं त येतो."

मामाजी उठून गोठ्यात गेले. म्हशीला गवत टाकलेलंच होतं, तरी पुन्हा टाकलं.

मिस्त्रींनी वाट पाहिली. गाडीची वेळ झाली तसे निघाले. पुढच्या बुधवारी बडनेऱ्यास दुसऱ्या कामावर जाणार आहेत, सामान बरोबर असेल. तेव्हा इकडून जाईन म्हणाले. मग आर्वीकडं लांबचं काम आहे, महिनाभर फिरकणार नाहीत.

ता. ७ जाने., शनिवार

घरात बाप-लेकांचं बोलणं बंद. काल रात्री हे बोलून गेले की देवाला जपता जपता संत्र्याची वाडी जाळाल. बोलायला नको होतं. पण चुकीचं बोलले असंही मला म्हणवत नाही.

मामाजी आजही वाटी घेऊन काठावर. मी गेले. म्हटलं, मामाजी, या जरा. हात धरला नाही, तसा रिवाज नाही, पदरानं खूण केली. विहिरीकडून पहिल्या झाडापाशी नेलं. एक पान तोडून त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली. उघडली तेव्हा पानाचा चुरा.

"मले दिसते बाई," म्हणाले. "मी आंधळा नाई."

संध्याकाळी राहवलं नाही. फटीतून लोट्या लोट्यानं पाणी काढलं आणि एका झाडाला घातलं. कोपऱ्यातलं, मागच्या वर्षी वाऱ्यानं मोडलेलं. सगळ्यांना तर पुरत नाही, एकाला तरी. ह्यांना सांगितलेलं नाही. किती वेळ लागला! हाताला दोरीचे वळ आलेत. पण पाणी जमिनीत मुरतानाचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं.

ता. ११ जाने., बुधवार

आज काय पाहिलं ते कसं लिहू? क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं एकदम बाहेर येईल.

बडनेऱ्याहून बैलगाडीत सामान आलं. एक माणसाच्या उंचीची लोखंडी नळकांडी, जाडजूड, डोक्याला पितळी चावी. एक पिंप. कारबाईडच्या दगडांचा डबा, वरातीतल्या दिव्यांत घालतात तेच, तोच घाण वास. आणि ती नळी, रबरी पाइपांसकट.

घरात नवी जिन्नस आली की आमच्याकडं हळदकुंकू लावून तेलाचं बोट लावतात. नांगर असो की शिवणाचं यंत्र. मी ताम्हण घेऊन गेले. कुंकू लावलं, आणि तेलाचं बोट त्या पितळी चावीकडं नेलं, तो उ. मिस्त्री धावत आले आणि माझ्या हातातलं ताम्हणच उडवलं. सगळे पाहतच राहिले. परपुरुषानं सुनेच्या हातातलं ताम्हण उडवावं! हे पुढं सरसावले.

मिस्त्रींनी दोन्ही हात जोडले. "भाभी, माफी. पण याच्यात नुसती हवा हाय, दाबून भरलेली, साधी नाई. याले तेल लागलं न् चावी फिरवली की आपोआप पेटते. काडी नाई लागत. माझ्या सोबत्याचा असाच हात गेला."

मग त्यांनी सगळ्यांना राखेनं हात धुवायला लावले. मला डोक्यावरचा पदर घट्ट बांधायला सांगितला, केसांना तेल होतं म्हणून. मामाजींचे हात दोनदा धुतले तरी त्यांना पटेना. आयुष्यभर यंत्राला तेल घातलेले हात ते, राखेला काय दाद देणार.

पिंपात कारबाईड घातलं. म्हणाले, आता पाणी द्या. आम्ही तोंडाकडं पाहत राहिलो. आग लावायला पाणी? त्याच फटीतून लोटे काढून दिले. दगड फसफसले, आणि त्या पाण्यातून जळणारी हवा निघाली. आमच्या विहिरीचं पाणी, ज्यासाठी महिनाभर जीव टांगणीला, त्यातनं विस्तव निघाला.

मामाजी कोपऱ्यात पाठ करून उभे होते. मिस्त्रींनी त्यांना हाक मारली. म्हणाले, बाबा, देवाचं राहू द्या, तुम्ही आगवाले ना? मग आग तर पाहून घ्या. अंगणात गाडीचा मोडका लोखंडी कणा पडला होता, मनगटाएवढा जाड. तो ओढला. सगळ्यांना निळ्या काचा दिल्या. मला आणि मामाजींना एकच मिळाली, आळीपाळीनं.

नळी पेटवली. आधी धुरकट पिवळी ज्योत, काजळी उडवणारी. मग चावी फिरवली तशी ती आखडत आखडत निळी झाली, आवाज करू लागली. कण्याच्या एका जागी टेकवली. जागा लाल झाली, मग नारिंगी, मग उगवतीच्या सूर्यासारखी. इथवर किसनच्या भट्टीतही होतं. मग मिस्त्रींनी बोटानं एक खटका दाबला.

लोखंड पेटलं.

तापलं नाही, वितळलं नाही, पेटलं. कापरासारखं. खालून ठिणग्यांचा झोत सुटला आणि नळी पुढं सरकेल तशी कण्यात फट पडत गेली. जेवढ्यात मी पदर सावरला तेवढ्यात कणा दोन झाला. किसन लोहार तिथं होता. त्यानं तोंडातला तंबाखू थुंकला आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. कुणी गेल्यावर बसतात तसा बसला.

मी विचारलं, हे ज्योतीनं कापलं? मिस्त्री म्हणाले, "नाई. ज्योत फक्त जागवते. मंग हवा मिळाली की लोखंडच आपल्या अंगानं जळते. मी नुसता रस्ता दाखवतो."

मामाजींनी काच डोळ्यावरून काढली नव्हती. आग बंद झाली तरी. जन्मभर आगीच्या दारात उभा राहिलेला माणूस, कोळशाच्या रंगावरून वाफ सांगणारा. म्हणाले, "एवढी वर्सं मी आग पायली, पण तिचं हे रूप मले कोणी दाखवलंच नाई." मग पुढं झाले, जमिनीवरच्या त्या तुकड्याला लांबूनच नमस्कार केला.

"हाही तोच हाय," म्हणाले. "कापू द्या. पण शेंदूर मी काढीन. दुसऱ्यानं हात लावायचा नाई."

ह्यांनी हळूच विचारलं, पौष आहे, चालेल का. मामाजी म्हणाले पौषात लग्न होत नाही, आग लावायला कशाचा मुहूर्त. कितीतरी दिवसांनी ह्यांच्याशी बोलले ते हे.

ता. १२ जाने., गुरुवार

मामाजी दोरीला बांधून खाली उतरले. ह्या वयात! पण कुणी अडवायची हिंमत केली नाही.

शेंदूर प्लेटीच्या खालच्या अंगाला. ते आत पालथे झोपले, देवाच्या तोंडातून हात खांद्यापर्यंत खाली घातला आणि दिसत नसताना, नुसत्या हातानं, खरवडत राहिले. लोखंडी उलथणं मीच दिलं होतं, भाकरीचं. शेंदराच्या ढलप्या पाण्यात पडत होत्या, एकेक टप्प टप्प. काठावर आवाज येत होता. दर शनिवारचं एक एक पूट. माझ्या लग्नाआधीचे शनिवार, ह्यांच्या जन्माआधीचे.

मिस्त्री काठावर बसून होते. मधे एकदा त्यांनी हाक मारली, बाबा, थोडा राहिला तरी चालेल, मी कडेकडेनं कापीन. खरवडणं चालूच.

वर आले तेव्हा तो हात कोपरापर्यंत लाल. धुतला नाही. जेवायला बसताना मात्र मिस्त्री म्हणाले, बाबा, शेंदूर पोटात जाऊ नये, तेव्हा धुतला. मी पाणी घातलं. मला रडू येत होतं, पण काम होतं.

ता. १३ जाने., शुक्रवार. भोगी

भोगीची भाजी चुलीवरच राहिली, करपली. त्याचं कुणाला काही नाही.

सकाळी कंदील सोडून पाहिला. जळत राहिला. काठावर तीन वाशांचं तिकाटणं, त्याला कप्पी. एक साखळी देवाच्या तोंडातून ओवली, म्हणजे तुकडा सुटला तरी पाण्यात जाऊ नये. दुसऱ्या दोरीवर पाळणा, त्यात मिस्त्री. मी विचारलं, पाळणा कशाला, प्लेटीवरच बसा की. म्हणाले, भाभी, ज्या फांदीवर बसतो तीच तोडणारा मी काय शेखचिल्ली? सगळे हसले. तेवढंच हसणं झालं आज.

तोंडाला ओलं फडकं बांधून उतरले. आम्ही काठावर पालथे पडून. मामाजी माझ्या शेजारी. काच ह्यावेळी त्यांच्याकडं.

खाली निळी ज्योत दिसली. मग खटका दाबल्याचा तो आवाज, जाड कापड एका दमात फाडावं तसा. आणि बॉयलरचं सगळं पोट उजळलं. लाल-पिवळा उजेड, भिंतीवर हलणारा. फट पडेल तशा ठिणग्या खाली पाण्यात जाऊ लागल्या, चुर्र चुर्र. त्या पडताना पाणी खालून उजळे. वर आग, खाली पाण्यात आग. एवढ्याशा विहिरीत, आमच्या विहिरीत, जिथं मी रोज दोर सोडते.

मामाजी म्हणाले, "पेटला पुन्ना."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. ते बॉयलरबद्दल बोलत होते. जिन बंद पडल्यापासून त्याच्या पोटात विस्तव नव्हता. मामाजींच्या तोंडावर उजेड पडला होता. तरणे दिसत होते.

मधे मधे मिस्त्री वर येत, श्वास घेत, तोंड धूत, पुन्हा उतरत. शेंदराचा काहीतरी अंश राहिलेला असणार, कारण एकदा कडवट वास आला आणि ते खोकत राहिले. ह्यांनी पुरे म्हटलं. मिस्त्री म्हणाले, आता सोडलं तर लोखंड थंड पडेल, पुन्हा जागवावं लागेल. थोडंच उरलंय.

थोडंच उरलं होतं ते खरं. मग एक कटकट आवाज झाला. साखळी ताणली गेली, कप्पी किंचाळली. आणि सगळा बॉयलर हलला. कंगोऱ्यावरची प्लेट सुटली, त्याबरोबर तो वीतभर खाली घसरला, सरळ झाला. मातीचा ढग वर आला. उजेड गेला. काहीच दिसेना.

ह्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. किसन दोराला लटकला होता, दोरावर वजन आहे म्हणाला, पण हलत नाही. मला एवढंच आठवतं की मी मामाजींचा हात धरला होता. सून असून. त्यांनीही सोडवला नाही.

मग खालून खोकला. "ओढा."

वर आले ते मातीनं माखलेले, डोळे तेवढे पांढरे. राहिलेल्या भुवयाही गेल्या होत्या. पाळण्यातून उतरून जमिनीवर बसले आणि नळी पाहिली, कुठं वाकली तर नाही. मग मला म्हणाले, चहा मिळंन काय? मी चुलीकडं पळाले. चहात साखर घातली की मीठ, मला शपथ आठवत नाही. प्यायले मात्र.

मामाजींनी आपल्या उपरण्यानं त्यांचं तोंड पुसलं. उस्मान मिस्त्रींनी पुसू दिलं.

ता. १४ जाने., शनिवार. संक्रांत

मिस्त्री पहाटेच्या गाडीनं गेले. तिळगुळाची पुरचुंडी बांधून दिली. "गोड बोलायचं त कामच नाई, माझं काम आगीचं," म्हणाले, पण लाडू गाडीत बसण्याआधीच तोंडात टाकला.

किसननं कंगोऱ्याचं टोक पहारीनं उडवलं. मोट उतरवली. बैल धावेवर मागं मागं सरकले, दोर सैल झाला, आणि खाली मोट बुडाल्याचा तो आवाज. मोट वर आली, थारोळ्यात पालथी झाली. पहिल्या पाण्यावर लाल साय होती, शेंदराची. मामाजींनी ते पाणी पाटात जाऊ दिलं नाही, बाहेर वळवलं. विषारी, मिस्त्रींनी बजावलं होतं. पुढच्याही कितीतरी मोटा तशाच बाहेर. मग निवळ आलं, तेव्हा पाट फोडला.

पाणी झाडाझाडाशी गेलं. आंबवणी. मी पाटाबरोबर अनवाणी चालत राहिले.

कापलेली प्लेट निंबाला टेकवून ठेवली आहे. कापाची कड बोट लावून पाहिली. बारीक रेघारेघा, भांगात फणी फिरवल्यासारख्या. एवढ्या जाड लोखंडातून. आगीला इतकं नीट काम येतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तिला फक्त नासायचं येतं.

आज शनिवार असून मामाजींनी वाटी काढली नाही.

ता. २८ जाने., शनिवार

चिंबवणीचं, दुसरं पाणी मागंच झालं. पानं उलगडली, हिरवी झाली. काही फांद्या वाळल्या त्या ह्यांनी छाटल्या. झाड एकही मेलेलं दिसत नाही. पण बहार? विचारू नये असं झालंय. ताण जरा जास्तच झाला. शेजारचा म्हणतो, अति तहानलेलं झाड पाणी मिळालं की जीव वाचवायलाच बघतं, नुसती नवती फेकतं. पानंच पानं. फूल नाही.

आपला देव कापून काढला म्हणून असं होणार, असंही कुणीतरी बाजारात बोललं म्हणे. ह्यांनी ऐकून घेतलं.

सकाळी मामाजी निंबाखाली गेले. हातात वाटी नव्हती, लोटा होता. विहिरीचं पाणी. त्या प्लेटीवर, कापलेल्या कडेवरून, सावकाश ओतलं. मी विचारलं, शेंदूर?

"त्याले आता तेल नको. आगीतून निंगाला तो," म्हणाले. मग लोटा उपडा करत, "तो मिस्त्री सांगून गेला ना."

मला हसू आलं.

ता. ४ फेब्रु., शनिवार

सकाळी वाडीत गेले, एकटीच. कोपऱ्यातल्या त्या मोडक्या झाडाला, ज्याला मी चोरून लोटे घातले होते, नवती फुटली आहे. भरभरून. कोवळी, पोपटी, दृष्ट लागेल अशी पानं. फूल एकही नाही आणि आता येणारही नाही. तहान पुरी लागू दिली नाही मी त्याला. ताण मोडला.

बाकीच्या झाडांच्या काड्यांवर, पानाच्या बगलेत, मोहरीच्या निम्म्याएवढे टिपके आलेत. मामाजींना बोलावलं. त्यांनी फांदी डोळ्याजवळ ओढली, लांब धरली, पुन्हा जवळ.

म्हटलं, कळी आहे की नवती?

"माह्या डोळ्याले दिसत नाई. तूच पाय."

मी पाहिलं. वाकून, उजेडाकडं धरून, मग सावलीत. टिपका हिरवा आहे. कळीही आधी हिरवीच असते. त्याच्या टोकाला पांढरं काही आहे असं एकदा वाटलं. पुन्हा पाहिलं तर दव होतं.